बाबांच्या कानांच्या गोळ्यांविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांना,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कानांसाठी मागवलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या बाटलीचा फोटो आईने पाठवला. फोनवर बाबा नुसते ‘हो, हो’ म्हणतात आणि निम्मे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, त्या गोळ्यांमागचा विचार खोटा नाही. इचलकरंजीत मागावर काढलेल्या ३४ वर्षांत धोट्याच्या खडखडाटाचा मारा तुमच्या अंतर्कर्णातल्या, केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींवर होत राहिला. अशा माऱ्याने पेशींत मुक्त मूलके, म्हणजे अस्थिर रेणू, वाढतात आणि तीच पेशींचा घात करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना निष्प्रभ करतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली गिनीपिगांना अ, क, ई ही जीवनसत्त्वे आणि मॅग्नेशियम एकत्र दिले, तेव्हा मोठ्या आवाजाने होणारी त्यांची श्रवणहानी खरोखरच कमी झाली. माणसांतले उदाहरण त्याहून ठोस आहे. सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध कानांना इजा करते. यकृताचा कर्करोग झालेल्या मुलांना सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट हे अँटिऑक्सिडंट दिले असता श्रवणहानीचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी त्या औषधाला मान्यताही मिळाली.

मात्र गिनीपिगांना ती मात्रा आवाजाच्या तासभर आधीपासून दिली होती, आणि मुलांनाही सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक सलाइनच्या दिवशीच औषध मिळत होते. म्हणजे हे सारे पेशी वाचवण्याचे उपाय आहेत. कोंबडीच्या कानात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात. माणसाच्या कानात उगवत नाहीत. तुमच्या तपासणीच्या कागदावरची रेघ ४००० हर्ट्‌झपाशी खाली कोसळली आहे, ती कोणत्याही गोळीने वर येणार नाही, हे लिहिताना मला फार वाईट वाटते. ‘स’सारखे बारीक ध्वनी त्याच पट्ट्यात येतात. आई ‘सात’ म्हणाली ते तुम्ही ‘आठ’ ऐकलेत आणि रात्रीची गोळी तासभर उशिरा घेतलीत, यात तुमचे लक्ष नव्हते असे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. तुम्ही रक्त पातळ करणारे औषध घेता, आणि ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत त्याच्या जोडीला गेले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना बाटली दाखवेपर्यंत ती उघडू नये, ही कळकळीची विनंती. कपाटात ठेवलेले श्रवणयंत्र मात्र रोज सकाळी लावावे. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज टोचेल, पण मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. आई, तू स्वयंपाकघरातून हाक न मारता त्यांच्या समोर येऊन बोल.

दादा अजून रातपाळी करतो. त्याच्या कानांतल्या पेशी वाचवायला आज हाताशी असलेले साधन म्हणजे कानातली बोंडे. दोन जोड्या या पत्रासोबत पाठवत आहे. तो माझे ऐकणार नाही, बाबा. तुम्ही सांगा.

आपली,
सुमा