प्रेमपत्रांचा टपालखर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील एकोणिसाव्या शतकातील प्रेमपत्रांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. परंतु एका तरुणीला प्रियकराचे पत्र न घेताच परत करताना पाहून इंग्लंडचे टपालसुधारक रोलंड हिल यांना स्वस्त, एकसमान दराची टपालसुधारणा सुचली, ही त्यातील कथा बरोबर नाही. तो प्रसंग मूळचा इंग्रज कवी कोलरिज यांच्याविषयी सांगितला जातो आणि ते पत्र भावाचे होते. कोलरिज यांनी कणव येऊन एक शिलिंग (म्हणजे बारा पेनी) भरला, तेव्हा आत नुसता कोरा कागद निघाला. आपण खुशाल आहोत एवढे कळवण्यासाठी भाऊ तो पाठवी आणि बहीण पैसे न देता परत करी. पुढे ही कथा हिल यांच्या नावावर खपू लागली आणि सांगोवांगी त्या भावाचा प्रियकर झाला.

दूर राहणाऱ्या प्रेमिकांना मैलांनी छळले, असे लेखात म्हटले आहे. माझ्या मते त्यांना जास्त छळले ते टपालाच्या दरांनी. 1840 पूर्वी इंग्लंडमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. लंडनहून एडिंबरोला एका कागदाचे पत्र धाडायला एक शिलिंग दीड पेनी पडत, आणि शेतमजुराची आठवड्याची कमाई दहा शिलिंगांच्या आतबाहेर असे. पाकीट हाही एक कागद धरला जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करीत आणि पत्ता पाठीवर लिहीत. मजकूर उरला तर कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी लिहीत; अशी पत्रे आज पाहिली तर शाईची जाळीच दिसते, आणि ती वाचणारीच्या डोळ्यांचे कौतुक वाटते.

शिवाय पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत. टपालवाला दारात उभा राहून रोकड मागणार आणि ती वडिलांच्या खिशातून निघणार, म्हणजे कोणाचे पत्र किती वेळा येते हे घरात सर्वांना कळणार. पार्लमेंटच्या सदस्यांना मात्र टपाल फुकट होते; त्यांची सही असलेले पत्र फुकट जाई, त्यामुळे त्या सहीसाठी ओळखीपाळखीचे लोक आर्जवे करीत. गरिबांनी दुसरीच वाट काढली होती. सरकारी कराचा शिक्का असलेले वर्तमानपत्र टपालाने फुकट जाई, तेव्हा छापील अक्षरांखाली टाचणीने भोके पाडून किंवा ठिपके देऊन निरोप कळवला जाई. (अशा वाचकांना अग्रलेखाशी काही कर्तव्य नसे, हे आपण मनावर घेऊ नये.)

10 जानेवारी 1840 पासून अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी हा दर आला, मे महिन्यात तिकीट आले, आणि पैसे आगाऊ भरण्याची रीत पडली. 1850 नंतर रस्त्यावर टपालपेट्या उभ्या राहिल्या, त्यामुळे मुलीला कोणाच्या हाती न देता स्वतः पत्र टाकता येऊ लागले. हिंदुस्थानातही 1854 मध्ये अंतर न पाहता पाव तोळ्याला अर्धा आणा दर झाला. तिकीट नसलेले, आपण ज्याला नॉटपेड म्हणत आलो ते पत्र सोडवताना मात्र दुप्पट आकार पडे.

लेखात आपल्याकडचे एकही उदाहरण नाही, याचे नवल वाटले. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि त्यांचे पती गोपाळराव मागे राहिले. ते स्वतः टपाल खात्यात नोकरीला होते. त्या दोघांची पत्रे प्रियकर-प्रेयसीची नव्हेत, आणि त्यांत गोपाळरावांचा सूर पुष्कळदा रागाचा, संशयाचा आहे. पण आगबोटीने पत्र जाऊन उत्तर यायला दोन-अडीच महिने लागत. रागाच्या भरात लिहिलेला एक शब्द फिलाडेल्फियात पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग निवळलेला असला, तरी वाचणारीला तो ताजाच लागणार, आणि तिचा खुलासा हाती पडेपर्यंत इकडून आणखी चार पत्रे रवाना झालेली असणार. तारेची सोय तेव्हा होती, पण तिचा शब्दागणिक आकार मध्यमवर्गीय संसाराला झेपणारा नव्हता.

कोलरिज यांच्या प्रसंगापुरती दुरुस्ती पुढील रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सातारा