कुचल्याची विषबाधा: रुग्णाला शांतता हवी असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या यंत्रमाग कामगार काकांनी गुडघेदुखीवरचा उपाय म्हणून एका फिरत्या विक्रेत्याकडून कुचला या विषारी झाडाच्या बिया घेतल्या, घरीच खलबत्त्यात कुटल्या आणि ती पूड रात्री दुधातून घेतली. त्यानंतर अर्ध्या तासात आम्ही शेजाऱ्यांनी काळजीपोटी जे जे केले, त्यातले बहुतेक चुकीचे होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी त्यांना अस्वस्थ वाटू लागले, मग मान आखडली आणि पोटऱ्यांत गोळे आले. पाहता पाहता पाठ अशी ताणली गेली की डोके आणि टाचा एवढ्याच अंथरुणाला टेकल्या होत्या. जबडा घट्ट मिटलेला आणि ओठ ताणून हसल्यासारखा झालेला चेहरा. मिनिटभराने अंग सैल पडले, तेवढ्यात कोणीतरी दाराची कडी वाजवली आणि पुन्हा तसाच झटका आला. फिट आली असे समजून एकाने कांदा हुंगवला, दुसऱ्याने तोंडावर पाणी मारले, दोघांनी हातपाय दाबून धरले, आणि पलीकडच्या खोलीत माग खडखडतच होते. झटका ओसरला की काका दातांतल्या दातांत सारखे एकच सांगत होते, "माग बंद करा." आम्हाला ती भ्रमातली बडबड वाटली.

ती बडबड नव्हती. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे विष मज्जारज्जूतील ग्लायसिन या रसायनाचे काम अडवते. स्नायूंना आवर घालणारा हा लगाम सुटला की साधा आवाज, स्पर्श किंवा डोळ्यांवर आलेला उजेडही सर्वांगाला झटका आणण्यास पुरेसा होतो. फिटमध्ये सर्वांगाला झटके येतात तेव्हा माणसाची शुद्ध हरपते. येथे मात्र तो बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो आणि प्रत्येक वेदना त्याला कळत असते. धनुर्वाताशीही याची गल्लत होते, परंतु धनुर्वात काही दिवसांत वाढत जातो आणि दोन झटक्यांच्या मधेही अंग ताठच राहते. कुचल्याच्या विषबाधेत लक्षणे बहुधा १५ ते ६० मिनिटांत दिसू लागतात आणि मधल्या वेळात स्नायू सैल पडतात. मृत्यू येतो तो मुख्यतः छातीचे स्नायू आखडून श्वास कोंडल्यामुळे. त्यातून वाचलेल्यांच्याही स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका राहतो.

या विषावर उतारा नाही. रुग्णालयात झटके थांबवणारी औषधे देतात आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवतात, त्यामुळे वेळेत पोहोचलेला रुग्ण वाचू शकतो. तोवर घरच्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, खोलीत अंधार व शांतता ठेवावी, गर्दी हटवावी, उगाच हात लावू नये, तोंडात काही घालू नये आणि मिठाचे पाणी पाजून उलटी तर मुळीच करवू नये, कारण त्यानेच झटका येऊन उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. उरलेली पूड किंवा बिया मात्र सोबत न्याव्यात. आमच्या काकांच्या उशाखाली सापडलेल्या, कोटाच्या बटणासारख्या चपट्या, राखाडी, रेशमी लव असलेल्या चार बिया पाहूनच डॉक्टरांनी विष ओळखले. काका आज हिंडते-फिरते आहेत.

आयुर्वेदात कुचल्याची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत होते, आणि वैद्य तो शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करणारी शुद्धी, केल्याशिवाय वापरत नाहीत. औषध नियमावलीच्या विषारी द्रव्यांच्या ई-१ अनुसूचीतही तो आहे आणि अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' ही सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. पण कागदाच्या पुडीला कसले वेष्टन? शिवाय आपल्या शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, कन्नड आणि उर्दूही आहे. विडी वळून आणि माग चालवून सांधे धरलेली माणसे अशा पुड्यांची पहिली गिऱ्हाईके असतात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत जडीबुटीचे ठेले लागण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाने आणि महापालिकेने सुट्या कुचल्याच्या विक्रीची तपासणी करावी आणि बियांच्या चित्रासह मराठी धरून या चारही भाषांतील फलक गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, लावावेत, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर