तिमाही तक्ता

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, मी राजीनामा देतो आणि इतिहासाची पुस्तकं लिहितो." पुण्यात सहा वर्षं काढलीस तरी 'देतो-लिहितो' सुटलं नाही, तेवढं ऐकून बरं वाटलं. बाकीचं ऐकून आईची भाकरी तव्यावर करपली. मी गप्प बसलो म्हणून तू समजलीस, अण्णा चिडले. तसं काही नाही. मला फोनवर बोलता येत नाही, कागदावर येतं. रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेलेल्या माणसाचं असंच होतं.

आधी तुझ्या लेखाचं सांगतो. शाहू महाराजांच्या आरक्षणावरचा, रविवारच्या पुरवणीतला. गंगावेशीत दूध कट्ट्यावर तिघांनी विचारलं, "पोरीनं लिवलंय न्हवं?" छाती फुगली. मास कम्युनिकेशन शिकलीस ते वाया गेलं नाही. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याची मान धरायची, हे भल्या भल्या अभ्यासकांना जमत नाही, ते तुला जमतं.

पण तू सुरुवात केलीस भरल्या दरबारापासून. महाराज उठले, सभा चिडीचूप झाली, वगैरे. अगं, आरक्षणाचा हुकूम निघाला त्या 26 जुलै 1902 ला महाराज कोल्हापुरात होते कुठं? ते विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. तो सोहळा जूनमध्ये व्हायचा, पण राजाचं अपेंडिक्सचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि सोहळा ऑगस्टवर गेला. हुकूम इकडे संस्थानच्या करवीर गॅझेटात छापून आला. ना दरबार, ना टाळ्या.

मग त्यात नाट्य काय राहिलं, असं तू म्हणशील. आहे की! हुकुमाचा शेवट वाच. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, इथपर्यंत सगळे येतात आणि थांबतात. त्याच्या पुढं म्हटलंय, नेमणुका कुणाच्या केल्या त्याचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला सरकारात पाठवायचा. याचा अर्थ कारकुनाला विचार. नुसता हुकूम निघाला की तो फाइलीला लागतो आणि कसर लागेपर्यंत तिथंच पडून राहतो. तक्ता मागितला की साहेबाला घाम फुटतो, कारण रकान्यात आकडा भरावा लागतो आणि खाली सही करावी लागते. कचेरी कशी चालते आणि काम कसं टाळते, दोन्ही महाराजांना पक्कं ठाऊक होतं. मला तुझ्या लेखात हे वाचायचं होतं. दरबार काय, कुणीही रंगवेल.

तुमच्या जाहिरातीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काय आवडेल ते आधी ठरतं आणि मजकूर त्यावर बेततात. इथं मजकूर आधीच लिहून ठेवलेला असतो, कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी, घाईत, वाईट अक्षरात.

त्या अमेरिकन इतिहासलेखक डेव्हिड मॅककलॉचं उदाहरण दिलंस. माणूस इतिहासाचा पदवीधर नव्हता, इंग्रजी साहित्य शिकला, मासिकांत नि सरकारी माहिती खात्यात नोकरी केली, सगळं खरं. पण सोयीनं अर्धंच सांगितलंस. 1889 च्या जॉन्सटाउनच्या पुरावरचं पहिलं पुस्तक त्यानं नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लिहिलं. 1968 ला ते आलं आणि मगच त्यानं नोकरी सोडली. तिथं धरण फुटून 2200 वर माणसं गेली होती. 2019 ला शाहूपुरीत मावशीच्या घरातनं कमरेएवढ्या पाण्यात गाद्या काढताना तूच पुढं होतीस. विषयाला लांब कशाला जायचं?

पैशाचाही हिशेब मांडला, सवय जात नाही. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत 300, मानधन दहा टक्के धरलं, तर शेवटची प्रत खपल्यावर हातात 30,000. तुझ्या खोलीचं तीन महिन्यांचं भाडं. त्यात लिहायला दोन वर्षं.

आणि मोडी? इथल्या पुराभिलेखागारात जुन्या कागदांचे रुमाल सोडशील तेव्हा पुढ्यात मोडीच येणार. दुसऱ्यानं वाचून दिलेल्या कागदावर किती दिवस काढशील? सोबत बाराखडी लिहून पाठवतोय. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करू नकोस, मोडीत ती कुणी केली नाही. खरी डोकेदुखी वेगळीच, शब्द एकमेकांना चिकटून येतात आणि लेखणी न उचलता ओळच्या ओळ धावते. 'सरकार' आणि 'कारकून' एवढे दोन ओळखता आले की निम्मा कागद ओळखीचा वाटायला लागतो. रोज एक पान गिरव.

शनिवारी रात्री यायचं आणि रविवारी दुपारी पळायचं, असं या खेपेला करू नकोस. रविवारी पुराभिलेखागार बंद असतं. सोमवारची रजा टाक, मी येतो बरोबर. चटणीचे मागचे रिकामे डबे आण, असं आई सांगतेय.

तुझे,
अण्णा