गावाच्या पाटीवर आमचीच चार घरं कशी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, नाव घालत नाही, उगा भावकीत भांडण नको. देवळाचा जीर्णोद्धार चाललाय आणि त्यात कमिटीनं ठरवलंय की काळ्या ग्रॅनाइटवर गावाचा इतिहास कोरायचा. मजकूर वॉट्सअप ग्रुपवर पडला. "गाव वसवणारी मूळ चार घराणी" असं हेडिंग आणि खाली चार तक्षिमांची, म्हणजे भावकीच्या वाटण्यांची नावं, त्यात पहिलंच आमचं. चुलत्यांनी तर लगेच स्टेटसला लावलं. मलाही बरं वाटायला पाहिजे होतं पण खरं सांगू, वाचून लाज वाटली, आणि त्याला कारण आमच्या घरी येणारा हेळवी.

नव्या पोरांना हेळवी माहीत नसंल. बेळगाव साइडनं सुगी झाली की येणारी ही माणसं, त्यांची घरं पिढ्यानपिढ्या ठरलेली, काम एकच, तुमची वंशावळ लिहून ठेवायची आणि वाचून दाखवायची. कन्नडमध्ये हेळू म्हणजे सांग. पूर्वी बैलावर बसून यायचे, आमचा आता मोटरसायकलवर येतो, पण चोपडी तीच, लाल फडक्यात गुंडाळलेली. सोप्यात घोंगडं टाकलं, चहा झाला की एका दमात चालू. अमक्याचा तमका, तमक्याला तीन ल्योक, एक निर्वंश, एक सासुरवाडीला राहिला, असं करत करत पार वरपर्यंत. मधे आईनं विचारलं, "माझं नाव कुठं हाय हो त्यात?" त्यानं पान मागं केलं, बोट ठेवलं आणि नुसतं माहेरचं गाव वाचलं. आई काही बोलली नाही, उठून आत गेली.

तर मागच्या फेरीला मी हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. त्यात सरळ आलंय की आमचा मूळ पुरुष हितला नव्हंच. दुष्काळात दोन बैल आणि देवाचे टाक घेऊन वरल्या अंगानं आला आणि त्याला "ओढ्याच्या वर घर बांध, खाली पाणी चढतंय" म्हणून जागा दाखवली ती आज आपण ज्याला बौद्धवाडा म्हणतो तिथल्या एका घराच्या पूर्वजानं. म्हणजे आम्ही यायच्या आधी इथं माणूस होता, त्याला पूर माहीत होता, आणि गाव वसवणारे मात्र आम्ही!

तसं बघितलं तर यात नवल काही नाही. जुन्या काळी दोन गावांच्या शिवेचा वाद लागला की महार वतनदाराचं बोलणं प्रमाण मानत, कारण शीव पायाखालची त्याच्याच. 1918 साली शाहू महाराजांनी ते वतन मोडून जमिनी रयतावा, म्हणजे साध्या शेतकऱ्यासारख्या त्यांच्याच नावावर करून दिल्या तेव्हा कुठं त्या घरांच्या मागची वेठबिगार सुटली. सुतार, लोहार, कुंभार, गुरव ह्यांना पण कुणीतरी बोलवून, बैतं, म्हणजे कामाबद्दल वर्षाचं धान्य, ठरवून आणलं असणार, नांगराच्या फाळाला धार लावायला लोहार नसता तर मिरासदारानं, म्हणजे पिढीजात जमीनवाल्यानं, जमीन कसली असती कशानं? पण पाटीवर ह्यातलं एक अक्षर नाही. पाटीवर पालखीचा मान कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, एवढंच.

आणि वसवणं म्हणजे पाचशे वर्षांमागचीच गोष्ट पाहिजे असं कुठाय? कोल्हापूरची शाहूपुरी पेठ 1895 ची, आमचे आजोबा गूळ घेऊन गाडी जुंपून तिथं जायचे. राधानगरी 1908 ची. आणि अगदी आपल्या डोळ्यांदेखत बघायचं तर धरणग्रस्त. वारणेच्या, दूधगंगेच्या धरणांनी उठवलेली माणसं हातकणंगले, शिरोळकडं येऊन राहिली. माझ्या बहिणीच्या गावाशेजारी अशी एक वसाहत आहे. त्यातली एक म्हातारी सांगत होती की ट्रकात सगळ्यात शेवटी देव चढवला, पत्र्याच्या ट्रंकेत, गोधडीत गुंडाळून, आणि हितं आल्यावर दोन वर्षं देव ट्रंकेतच होता कारण देवळाला जागाच नव्हती. वाट्याला मुरमाड रान, दगड वेचून वेचून बांध घातले. ती माणसं पण मूळ घराणीच की हो. पण एसटी थांब्याला अजून नुसतं "वसाहत" म्हणतात, गाव म्हणायला जिभेला जड जातंय लोकांच्या.

2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्तानं सगळे जुनी कागदं उसवायला लागले, मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला, ते चांगलंच झालं. पण दाखला हातात पडला की चोपडी परत फडक्यात. माझं म्हणणं एवढंच की दाखल्यापुरतं बघू नका. हेळवी गावात आला की त्याला फक्त आपल्या सोप्यात बसवण्यापेक्षा एक दिवस चावडीत बसवा, चोपडीचे फोटो काढू देतो का विचारा, त्याचं मानधन रीतसर द्या. ज्यांच्याकडं हेळवी येत नाही त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, विशेष करून बायकांना, त्यांना माहेर-सासर दोन्ही गावांचं माहीत असतं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, आहेत, शिवाजी विद्यापीठातली इतिहासाची पोरं एकेक गाव वाटून घेतील तर लै मोठं काम होईल. आपल्या पेपरनं पण आठवड्याला एका गावाची अशी माहिती छापावी, पण त्यात नुसते पाटील-देशमुख नकोत.

आमच्या कमिटीला मी हे सांगितलं तर म्हणाले आता मजकूर फायनल झालाय, पाथरवट अक्षरामागं पैसे घेतो, वाढवलं तर खर्च कुणी द्यायचा. मी ग्रुपवर लिहिलंय, वाढीव दहा ओळींचे पैसे माझ्याकडनं घ्या. अजून कुणाचं उत्तर नाही, चुलत्यांनी तेवढा ग्रुप सोडला.

आपला,
एक वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर