ओन्सेनमध्ये अडचण कपड्यांची नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानमधल्या गरम झऱ्यांविषयी, म्हणजे ओन्सेनविषयी, बोलणं निघालं की ते एकाच मुद्द्यावर अडतं: तिथे विवस्त्र उतरावं लागतं. लागतं खरं, पण स्त्री-पुरुषांची कुंडं जवळजवळ सगळीकडे वेगळी असतात आणि कोणी कोणाकडे बघत नाही. अगदीच संकोच वाटला तर बऱ्याच ऱ्योकानांत, म्हणजे पारंपरिक निवासांत, पाऊण तासासाठी खासगी कुंड मिळतं. पाहुण्यांची पंचाईत होते ती दुसऱ्याच गोष्टींनी.

पहिली गोष्ट वेळेची. ऱ्योकानात खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि जेवण सहा-साडेसहाला असतं. आठला पोचलात तर जेवण बहुधा बुडतं, पैसे मात्र सुटत नाहीत, कारण दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात दोन्ही वेळचं खाणं धरलेलं असतं. वर स्नानकर, बहुतेक ठिकाणी १५० येन. क्योतोहून किनोसाकी या ओन्सेनच्या गावी एक्स्प्रेसने सुमारे अडीच तास लागतात, म्हणजे दुपारी बाराला तरी निघायला हवं.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये. सूप, सॉस, शिजवलेल्या भाज्या, टोफूसुद्धा बहुधा दाशीत, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या अर्कात केलेलं असतं. ‘माशाचा अर्कही नको’ हे आरक्षण करतानाच लिहून कळवावं. पोचल्यावर सांगून उपयोग नसतो, कारण तयारी आधीच झालेली असते. त्यांनी जमणार नाही म्हटलं तर जेवणाशिवायची खोली घ्यावी आणि खाणं बरोबर न्यावं. छोट्या गावांत उपाहारगृहं लवकर बंद होतात.

आता पाणी. १९४८च्या कायद्याप्रमाणे उगमाशी २५ अंश सेल्सिअस तापमान किंवा ठरावीक घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला, तरी पाण्याला ओन्सेन म्हणता येतं. म्हणून काही ठिकाणी ते तापवलेलंही असतं. कपडे बदलायच्या खोलीत लावलेल्या तक्त्यावर पाण्याचा प्रकार, तापमान, आम्लता दिलेली असते; पाणी मिसळलं, तापवलं किंवा फिरवून वापरलं असेल तर तेही सांगावं लागतं. भाषांतराच्या ॲपने हा तक्ता वाचावा. (फोन तिथून पुढे न्यायचा नाही, आणि त्या खोलीतही माणसांकडे रोखायचा नाही.) कुसात्सू या ओन्सेनच्या गावाचं पाणी फार आम्लधर्मी, पीएच सुमारे २, आणि उगमाशी इतकं कढत की त्यात उतरता येत नाही. थंड पाणी घातलं तर गुण पातळ होतो, म्हणून तिथे लांब फळ्यांनी ढवळून ते निववण्याची पद्धत पडली. असं पाणी डोळ्यांत गेलं किंवा दाढी करताना कापलेल्या जागी लागलं तर चांगलंच झोंबतं. गंधकाच्या पाण्यात चांदीची जोडवी काळी पडतात. अशा स्नानगृहातली उघडी खिडकी थंडी वाजते म्हणून लावून घेऊ नये. विषारी वायू बाहेर जाण्यासाठी ती उघडी ठेवलेली असते.

उतरण्याआधी स्टुलावर बसून साबणाने पूर्ण अंघोळ करायची, फेस राहू द्यायचा नाही. कुंड धुण्यासाठी नसतं, हे एवढं पाळलं तर निम्मे नियम आपोआप पाळले जातात. केस बांधावेत, छोटा टॉवेल पाण्यात न बुडवता डोक्यावर ठेवावा. मग पायांपासून वर अंगावर पाणी ओतत जावं. कुंड बहुधा ४०-४२ अंशांचं असतं, त्यामुळे पहिल्यांदा तीन-चार मिनिटं पुरेत. मग काठावर बसावं. रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, झटक्यात उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी उतरू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दारावरचे पडदे साधारण निळे पुरुषांचे, लाल स्त्रियांचे. पण अनेक ऱ्योकानांत रात्री किंवा सकाळी बाजूंची अदलाबदल होते. काल इथूनच गेलो होतो म्हणून आज डोळे मिटून शिरू नये. दर वेळी 男 (पुरुष) आणि 女 (स्त्री) ही अक्षरं बघावीत. युकाता, म्हणजे ऱ्योकानात मिळणारा सुती झगा, घालताना डावा पदर उजव्यावर घ्यावा, उलटा फक्त मृताला नेसवतात.

किनोसाकीची सात सार्वजनिक स्नानगृहं प्रसिद्ध आहेत. तिथल्या ऱ्योकानात मुक्काम असेल तर त्यांचा पास मोफत मिळतो, आणि अंगावर टॅटू असला तरी प्रवेश नाकारत नाहीत. प्रत्येकाची साप्ताहिक सुटी कधी, ते आधी पाहावं. एका संध्याकाळी सगळीच उरकण्याचा हट्ट म्हणजे घेरी येण्याची सोय. दोन जेवणाआधी, एक जेवणानंतर तासाभराने आणि एक सकाळी सातला, इतकं भरपूर झालं. नंतर न्याहारी, आणि दहापर्यंत खोली सोडायची.

आपला,
एक वाचक