अंगणातली रिंग

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडत होती अन् नेमकी तेव्हाच लाईन गेली, टॉवरही बंद. म्हणून लिहून पाठवतो. दादा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकेल. अक्षराला हसू नको.

तुझ्या बास्केटबॉलच्या मॅचबद्दल तू म्हणाली, "बाबा, ऐन वेळी माझी हिंमतच गेली. दोन्ही फ्री थ्रो चुकले." तुझी आई म्हणे, "लेकराले नजर लागली." मी गप्प बसलो. सकाळी मारुतीच्या पारावर गेलो, तिथं नेटवर्क बरं येतं, आणि कुणी आडवं नसताना रेषेवरून मारलेले ते दोन फ्री थ्रो मॅचच्या व्हिडिओत दहादा मागं घेऊन पाहिले. दोन्ही वेळा बॉल सरळ गेला. ना डावीकडं, ना उजवीकडं. रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला. हिंमत गेलेल्या माणसाचा हात कापतो, बॉल तिरपा जातो. तुझा नुसता चार बोटं आखूड पडला.

तेव्हा मनात शंका आली. घरी येऊन टेप काढला.

रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते, हे तूच सहावीत असताना मला सांगितलं होतं. वेल्डिंगवाल्याकडून 45 सेंटीमीटरचं कडं करून आणलं, निंबाला फळी ठोकली आणि दोरी लावून बरोबर दहा फुटांवर बसवलं. मोजणीत चूक नव्हती. पण पावसाळ्यात चिखल होतो म्हणून दरसाल मी अंगणात एक ट्रॉली मुरूम टाकत गेलो. आज टेप लावला, तर नऊ फूट सात इंच! अंगण पाच इंच वर आलं, रिंग जिथल्या तिथं. मी आपला समजत होतो की झाड वाढतं तशी फळीही वर जात असेल. दादा हसला, म्हणाला, "बाबा, झाड शेंड्याला वाढते." जन्म वावरात गेला माझा, तरी.

गुडघ्यापायी कॅम्पच्या आधी वीस दिवस तू घरी होती. रोज संध्याकाळी शंभर फ्री थ्रो. नव्वद पडायचे आणि मी गावभर सांगत फिरायचो. तुझा हात त्या बुटक्या रिंगला सरावला, बाई. हे तुझ्या मॅडमना सांग. लाजू नको, चूक माझी आहे. त्या कदाचित म्हणतील, तसं काही नाही, चौथ्या क्वार्टरमध्ये पाय थकले होते. तेही असेल. पाय थकले की बॉल आधी आखूड पडतो, हेही तूच शिकवलं. पण हिंमतीचं नाव घेऊ नको.

"दोनच तर होते" असं मात्र मी म्हणणार नाही. 2017 मध्ये बंगळुरूला आपल्या सीनियर पोरींनी आशिया कपच्या ब गटाची फायनल कझाकस्तानशी 75-73 अशी जिंकली आणि संघ अ गटात गेला. तो आकडा तुझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर अजून आहे. दोन गुण म्हणजे दोन फ्री थ्रो. तुला का लागलं, ते समजतं मला.

इकडं पोळा बरा झाला. पऱ्हाटीला पात्या धरल्या आहेत, सोयाबीनचं पावसावर आहे. बैलांच्या शिंगांचा ऑइल पेंट उरला होता, तो रिंगला लावला. फळी काढून पाच इंच वर ठोकली, टेपानं दोनदा मोजली. जुन्या खिळ्यांच्या भोकांतून डिंक येऊन राहिला.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, गुडघ्याला बर्फ लावते का? आणि यंदा अंगणात मुरूम टाकायचा नाही म्हटलं, तर माझ्याशी भांडली.