अंतराळ सहलीची काजळी

महोदय,

मे २०२४मध्ये भारतीय पर्यटक गोपी थोटाकुरा हे ब्लू ओरिजिन या अमेरिकी अंतराळ कंपनीच्या यानातून अंतराळाच्या उंबरठ्यावर जाऊन आले. त्या यानात द्रवरूप हायड्रोजन जळून मुख्यतः वाफ बाहेर पडते, हे खरे (जगातला बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच बनतो, ही बाब अलाहिदा); परंतु व्हर्जिन गॅलॅक्टिक या अशाच दुसऱ्या कंपनीच्या यानात रबरासारखे घन इंधन जळते आणि त्याची काजळी, पावसाने धुऊन निघण्याची सोय नसलेल्या स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या वातावरणाच्या थरात) दीर्घकाळ राहून उष्णता शोषते. ओला-सुका कचरा निष्ठेने वेगळा करणाऱ्या आम्हा इंदूरकरांचे कुतूहलही तिकिटाच्या किमतीपाशीच थांबते. प्रतिप्रवासी प्रदूषणाचा आकडा त्या तिकिटावर छापण्याची सक्ती कंपन्यांवर व्हावी.

— एक वाचक, इंदूर